बाबांच्या हातातली पानं

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चाकणची आमची कंपनी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असते. सकाळी सहाला ताथवड्याच्या चौकात बस पकडायची नसते, पण शरीराला ते कोण सांगणार? पाचला डोळे उघडतातच. मग मी गॅलरीत चहा घेऊन बसते. वर्षभर कानात प्रेस मशीनचा धाडधाड आवाज असतो. तो नसला की पहिले दोन दिवस कान दुखल्यासारखे वाटतात. तिसऱ्या दिवसापासून बारीक आवाज ऐकू यायला लागतात. खालच्या मजल्यावर कोणीतरी दळण चाळतंय. पार्किंगमध्ये टाकीचा पाइप गळतोय. आत बाबा बुद्धवंदना म्हणतायत, हळू आवाजात, आता एकेका शब्दावर जरा थांबून.

परवा अशीच बसले होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. ‘रविवारपासून क्लबहाउसमध्ये पत्ते. दुपारी तीन. नावं द्या. पैसे लावायचे नाहीत.’ मी फोन हातात धरून बसले आणि चहा गार झाला. तीन वर्षांपूर्वीचा तो सगळा मे महिना मला परत आठवला. कैरीचा वास, क्लबहाउसमधली टेबलटेनिसच्या टेबलावर टाकलेली निळी चादर, प्लॅस्टिकच्या चिप्सचा खुळखुळ आणि बाबांचा उजवा हात.

बाबा पिंपरीच्या एका कंपनीत तेहतीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर होते. लातूरकडच्या गावातून ऐन विशीत आले, देहूरोडला एका खोलीत राहिले, तिथंच आम्ही वाढलो. ग्राइंडिंगचं काम म्हणजे केसाहून बारीक फरकाचं काम. मी पुढे क्वालिटी तपासणीत नोकरीला लागले, तेव्हा बाबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मोजमाप यंत्रावर दिसतं माय, पण आधी बोटाला कळतं.” ते खोटं नव्हतं. घासलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवून ते सांगायचे, अजून एक फेरी लागेल. आणि लागायची.

त्याच बोटांना कंपवात झाला.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा दिसलं. बाबा खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर होता, आणि उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी एकमेकांवर अशी फिरत होती, जणू काही गोळी वळतायत. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हात नुसता ठेवलेला असताना हलेल, काही उचलायला गेलात की कमी होईल. मन अस्वस्थ झालं, आनंद झाला, घाई झाली, की जास्त होईल. गोळ्या वेळेवर घ्यायच्या. बाबांनी सगळं शिस्तीत ऐकलं, गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीला लावलं, आणि बाहेर पडल्यावर जिन्यात मला म्हणाले, “हे कुणाला सांगायचं नाही.”

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. लोकांना सांगायचं म्हणजे त्यांचे चेहरे बघायचे, उपाय ऐकायचे, कोणाच्या कोणत्या काकांना हे झालं आणि पुढे काय झालं ते ऐकायचं. न सांगणं मलाही सोयीचं होतं. घरातसुद्धा आम्ही त्या आजाराचं नाव घेत नव्हतो. ‘तुमचं ते आज कसं आहे?’ असं मी विचारायचे. ‘ते बरं आहे,’ असं बाबा म्हणायचे. बाहेर जाताना हात पँटच्या खिशात. खिशातही हलायचा, पण कापडाआडून फारसं दिसायचं नाही.

सव्वा वर्षानं, तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी त्यांना माझ्याकडे आणलं. लेक शिकायला नागपूरला गेली होती, तिची खोली रिकामी होती. बाबा आले, पण आल्यासारखे वाटेनात. सकाळी वंदना. त्यात हात जोडले की थरथर थांबायची, ते मला रोज बघायला आवडायचं. मग पेपर. मग गॅलरीत उभं राहून खालच्या गाड्या बघणं. संतोष, माझा नवरा, दुसऱ्या पाळीला गेला की आम्ही दोघंच. मी काही विचारलं की ते उत्तर द्यायचे. स्वतःहून एक वाक्य नाही. बुद्धपौर्णिमेला मी आईच्या पद्धतीनं खीर केली, तर त्यांनी वाटी पुसून संपवली आणि एवढंच म्हणाले, “वेलदोडा जास्त झाला.” तेही मला खूप वाटलं.

क्लबहाउसमध्ये आम्ही गेलो ते योगायोगानं. तिथून आणलेलं लाकडी स्टूल परत करायचं होतं. बाबा सोबत खाली उतरले. आत सोळा-सतरा माणसं दोन टेबलांभोवती बसलेली. आमच्या वरच्या मजल्यावरचा अनिकेत पानं पिसत होता. तिशीचा मुलगा, आयटीतला, कायम हेडफोन गळ्यात. पोकरचा हा खेळ त्यानंच सोसायटीत आणला होता. त्याच्या शेजारी देशमुख मॅडम. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. केस पांढरेशुभ्र, नजर अशी की अजूनही कोणी पाढे चुकला तर सापडेल.

मी स्टूल ठेवून वळले तर बाबा अनिकेतच्या मागे उभे. मान पुढे काढून बघत होते. त्यांचे डोळे असे मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

“काका, बसा ना,” अनिकेत म्हणाला.

“मला रमी येते. हे तुमचं इंग्रजी दिसतंय.”

“सोपं आहे. दोन पानं तुमच्याकडे, कोणाला न दाखवता. पाच पानं मधे, सगळ्यांची. आधी तीन उघडतात, मग एक, मग एक. सातांतून तुमची चांगली पाच धरायची. प्रत्येक टप्प्याला पैशांऐवजी या प्लॅस्टिकच्या चिप्स लावायच्या, नाहीतर पानं टाकून द्यायची.”

“आणि पानं चांगली नसली तर?”

“नसली तरी आहेत असं दाखवायचं.”

बाबा हसले. “म्हणजे युनियनच्या मीटिंगसारखं.”

सगळं टेबल हसलं आणि देशमुख मॅडमनी स्वतःची खुर्ची सरकवून जागा केली.

देहूरोडहून पिंपरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बाबांचा पत्त्यांचा अड्डा होता, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मागच्या दोन बाकांवर चौघंजण, गुडघ्यांवर डब्याची पिशवी, पिशवीवर वर्तमानपत्र, त्यावर रमी. जाताना अर्धा डाव, येताना उरलेला. पानं तशीच खिशात घालून माणसं आठ तास मशीनवर उभी राहायची. आई म्हणायची, “तुमच्या खिशातली राणी घामानं भिजली.” निवृत्त झाल्यावर बस सुटली आणि पत्ते सुटले. पुन्हा खेळावं असं त्यांना वाटलं नसेल का? मी कधी विचारलं नव्हतं.

आता ते दर रविवारची वाट बघू लागले. खेळ चार रविवारचा होता. ज्याच्या चिप्स संपल्या तो बाहेर, ज्याच्या उरल्या त्या नाव लिहिलेल्या डबीत पुढच्या रविवारपर्यंत. शेवटच्या रविवारी अंतिम डाव. बक्षीस म्हणजे कोणाच्या तरी वर्कशॉपमध्ये लेथवर काढलेला पितळी पेला, वीतभर उंचीचा. बाबांनी तो पहिल्याच दिवशी हातात घेऊन काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “काढणाऱ्यानं शेवटची फेरी घाईत मारली.”

त्यांचा खेळ मला त्यांच्यासारखाच वाटायचा. निमूट. दहातले आठ डाव पानं बघून खाली ठेवायचे. मी मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून साखरांब्यासाठी कैऱ्या किसायचे आणि त्यांच्या मानेकडे बघायचे. घरी आल्यावर ते बोलायचे! जेवताना, भांडी पुसताना, गोळी घेताना. अमक्यानं तेव्हा पान टाकायला नको होतं. मॅडम थापा मारत नाहीत, मारली की हिशेबानं मारतात. एकदा म्हणाले, “सुरुवातीला सगळेच शूर असतात बघ. चिप्सचा ढीग पुढे असतो ना. मजा पुढे येते. माणसं कमी होतात, दर डावाला जबरदस्तीनं टाकायच्या चिप्स वाढत जातात. नुसतं बसून राहिलं तरी ढीग झिजतो. आणि नेमकं तेव्हा चांगलं पान आलं की माणूस भितो. इतका वेळ टिकलो, आता हे गेलं तर? असं त्याला वाटतं. वाईट पानाला माणूस भीत नाही. चांगल्याला भितो.”

मी भांडं धुता धुता थांबले होते. सेहेचाळीसाव्या वर्षी मला कंपनीनं संपूर्ण तपासणी विभाग सांभाळशील का असं विचारलं होतं. त्याला महिना झाला होता आणि मी ‘विचार करते’ म्हणत दिवस ढकलत होते. हे बाबांना माहीत नव्हतं. त्यांच्या बोलण्यात तसा काही रोखही नव्हता. पण त्या रात्री मला झोप लागायला वेळ लागला, एवढं खरं.

तिसऱ्या रविवारी काहीतरी बिनसलं. बाबांना पानं चांगली येत होती. ते चिप्स पुढे सरकवायचे आणि सगळं टेबल एकसाथ पानं टाकून द्यायचं. पुन्हा पुन्हा. जिंकणं म्हणजे ते जिंकतच होते, पण मिळायच्या त्या फक्त जबरदस्तीच्या चार चिप्स. नवव्या-दहाव्या खेपेला त्यांनी जिंकलेली दोन पानं उलटून दाखवली. एक्क्यांची जोडी. एवढ्या पानांवर कोणी एक चिपसुद्धा लावली नव्हती. बाबांच्या कपाळावर आठी होती.

कारण मला दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये कळलं. अनिकेत हेल्मेट काढत होता. “ताई, एक सांगू? काकांना सांगू नका हं. चांगलं पान आलं की त्यांचा हात थरथरतो. एक्साइट होतात बिचारे. नवीन माणसाचं होतंच तसं. हात थरथरला की समजायचं, तगडं पान आहे. मला आधी कळलं, आता सगळ्यांनाच कळलंय.”

मी हसले. ‘हो का?’ म्हणाले. आणि स्कूटरची किल्ली शोधायचं नाटक करत तिथंच उभी राहिले. त्याचा काही दोष नव्हता. त्याला दिसलं ते त्यानं वाचलं होतं, आणि एका अर्थानं बरोबरच वाचलं होतं. चांगलं पान आलं की बाबांचं मन उसळायचं आणि मन उसळलं की हात जास्त हलायचा. टेबलाखाली मांडीवर ठेवला तरी खांदा हलायचा.

बाबांना सांगायचं की नाही? सांगायचं म्हणजे त्या आजाराबद्दल बोलणं आलं. दोन दिवस मी गप्प राहिले. बुधवारी दुपारी ते टेबलाशी बसून एकटेच पानं वाटत होते, पाच काल्पनिक माणसांना. मी समोर बसले आणि सांगून टाकलं.

ते पानं पिसत राहिले. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले.

“बाबा, सरळ सांगून टाका ना त्यांना. कंपवात आहे म्हणून.”

तो शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. बाबांनी पानांची गड्डी खाली ठेवली.

“सांगितलं की काय होईल ठाऊक आहे? ती पोरं चांगली आहेत. वाईट असती तर सोपं होतं. ती मुद्दाम हरतील माझ्याशी. म्हाताऱ्याला खूश करू म्हणतील. मॅडमसुद्धा. मग खेळ कुठं राहिला? दवाखान्यात बसून खेळल्यासारखं ते.”

“आणि नाही सांगितलं तर चांगल्या पानांचं काही मिळणार नाही.”

“न मिळू दे.”

“मग कशाला खेळता?” माझा आवाज चढला होता. “लपवण्यात दिवस चाललेत तुमचे. आणि माझेही. लिफ्टमध्ये कोणी तुमच्या हाताकडे बघितलं की मी मधे उभी राहते. कुठवर?”

बाबा उठून आत गेले. दार लावलं नाही, पण लोटलं. संध्याकाळी बाहेर आले, तेव्हा आम्ही दोघंही उकाड्याबद्दल बोललो.

शेवटच्या रविवारी ते दोन वाजताच तयार. इस्त्रीचा पांढरा शर्ट. गुंड्या लावायला पाऊण तास लागला. मी दाराशी दोनदा जाऊन परत आले, कारण मागच्या वेळी मदतीला गेले होते तेव्हा फार ओरडले होते. बाहेर ऊन असं की रस्त्यावरच्या डांबराचा वास सहाव्या मजल्यावर येत होता.

अंतिम टेबलाला सहाजण होते. तासाभरात तीन उरले. अनिकेत, देशमुख मॅडम आणि बाबा. अनिकेतपुढे चिप्सचे मनोरे. मॅडमपुढे नीट दहा-दहाच्या चळती. बाबांपुढे जेमतेम ओंजळभर. बाद झालेली माणसं खुर्च्या ओढून भोवती बसली होती. कोणीतरी मठ्ठ्याचे ग्लास फिरवले. बाबांनी घेतला नाही.

उजवा हात त्यांनी दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरला होता. दाबला की तो जास्त हलायचा, हे त्यांना ठाऊक होतं आणि तरीही ते दाबत होते. मागे बसून मला त्यांचा खांदा दिसत होता. दोन डाव त्यांनी सोडून दिले. तिसऱ्याला पानं उचलली, कोपरा वर करून बघितली आणि खाली ठेवली. मलाही दिसली. बदामचा राजा आणि इस्पिकचा राजा.

खांदा थरथरायला लागला. टेबलावरची चादर हलावी इतका.

बाबांनी डाव्या हातानं सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. सगळ्या. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि पानं टाकली. अनिकेतनं पानं बघितली, मग बाबांच्या खांद्याकडे बघितलं, आणि किंचित हसून पानं टाकायला हात उचलला. त्याचं ठरलं होतं. राजे आले काय आणि गेले काय, पुन्हा तीच दोन-चार चिप्सची कमाई. मला खुर्चीतून उठून जावंसं वाटलं.

“थांब अनिकेत,” बाबा म्हणाले. “पानं टाकू नको अजून.”

आणि त्यांनी गुडघ्यांमधून उजवा हात बाहेर काढला आणि टेबलावर, निळ्या चादरीवर, सगळ्यांसमोर ठेवला. तो हलत होता. अंगठा आणि बोट गोळी वळत होतं.

“तू हा बघून खेळतोस. मला ठाऊक आहे. पण हा पत्त्यांनी हलत नाही. मला कंपवात आहे. दीड वर्ष झालं. चांगलं पान असो, वाईट असो, जेवणाचं ताट समोर असो, तो हलतो. आता हे तुला माहीत झालं. आता ठरव.”

अनिकेतचा चेहरा पडला. “काका, सॉरी... मला खरंच...”

“सॉरी कशाला? खेळ. आणि एक लक्षात ठेव, माझ्यावर दया करून चिप्स लावल्यास तर मला कळेल. तेहतीस वर्षं पोरांना मशीनवर शिकवलंय. पान असेल तर लाव. नसेल तर टाक.”

अनिकेत बराच वेळ आपल्या पानांकडे बघत राहिला. मॅडम एका बोटानं चळतीवर टकटक करत होत्या, मग तेही थांबलं. शेवटी त्यानं चिप्स पुढे केल्या. “आहे पान, काका. खोटं नाही.” आणि उलटून दाखवली. किलवरचा एक्का, चौकटचा गुलाम.

बाबांनी राजे उघडले. भोवती ‘ओहो’ झालं.

“दहातले सात वेळा राजे जिंकतील,” मॅडम कोणाला उद्देशून नाही, अशा म्हणाल्या.

तीन पानं उघडली. नव्वी, चौकी, दुरी. मग अठ्ठी. शेवटचं पान चौकटचा एक्का.

अनिकेतच्या एक्क्यांची जोडी झाली. बाबांचे राजे हरले. त्यांच्यापुढे एक चिप उरली नाही.

अनिकेत रडायच्या बेतात आला होता. आणि मला राग आला होता, इतका की कोणावर ते कळेना. दीड वर्ष जपलेली गोष्ट त्यांनी पत्त्याच्या एका डावावर लावली आणि तो डावही गेला. चिप्स परत वाटता येतात. सांगितलेलं परत घेता येत नाही.

बाबा मात्र शांत होते. त्यांनी एक्क्याच्या पानावर बोट ठेवून ते जरा सरळ केलं. “बरोबर खेळलास,” ते अनिकेतला म्हणाले. मग खुर्ची मागे घेऊन मॅडम आणि अनिकेतचा डाव शेवटपर्यंत बघितला. हात टेबलावरच ठेवला होता. मॅडम जिंकल्या. पितळी पेला त्यांनी आधी नळाखाली धुतला आणि त्यातूनच मठ्ठा प्यायल्या. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली, बाबांची सगळ्यांत जास्त.

आता तीन वर्षांनी हे लिहिताना मला त्या उन्हाळ्याची कोणतीही एक गोष्ट वेगळी काढता येत नाही. पुढे सगळं छान झालं असंही नाही. बाबांची पावलं लहान झाली आहेत. उंबऱ्यापाशी ते क्षणभर थांबतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. गोळ्या वाढल्या. मी विभागाची जबाबदारी घेतली आणि पहिले सहा महिने रोज पस्तावले. अनिकेतचं लग्न झालं, तो त्याच इमारतीत राहतो आणि दर गुरुवारी बाबांना बागेत फिरवून आणतो. दोघं भांडतात, कारण अनिकेत चालतानाही फोन बघतो.

बाबा अजून खेळतात. पानांचा कोपरा त्यांना उचलता येत नाही, म्हणून तो मी उचलते. म्हणजे त्यांची पानं मलाही दिसतात. मागच्या वर्षी दुसऱ्याच रविवारी ते वैतागून म्हणाले, “तू तोंड सांभाळ बाई. चांगलं पान आलं की तुझ्या भुवया वर जातात. माझा हात बरा त्यापेक्षा.” तेव्हापासून मी त्यांची पानं उचलते आणि लगेच खिडकीबाहेर बघते. मॅडम म्हणतात, “खिडकीबाहेर बघितलंस म्हणजे पान चांगलंच असणार.” परवाच्या सूचनेवर मी आमचं नाव दिलंय. दोघांचं मिळून एक.

पण त्या रविवारच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

क्लबहाउसमधून आम्ही निघालो, तेव्हा उन्हं उतरली होती. वाटेत ताम्हणाची झाडं आहेत, त्यांची जांभळी फुलं खाली पसरली होती. बाबा सावकाश चालत होते. माझा राग अजून उतरला नव्हता.

“एक विचारू?” मी म्हणाले. “मी बुधवारी एवढं म्हणाले, सांगून टाका. तुम्ही ऐकलं नाही. आणि आज एका डावासाठी सांगितलंत. त्यानं पान टाकू नये म्हणून.”

“हो.”

“आणि वर थोडं खोटंही बोललात. पत्त्यांनी हलत नाही म्हणे. राजे बघितल्यावर किती हलला ते मी पाहिलंय.”

बाबा थांबले. रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू. “तेवढं चालतं खेळात.” मग चार पावलं गेल्यावर आपणहून म्हणाले, “ऐक माय. आजारी माणसानं आजार सांगितला की तो काहीतरी मागतोय असं वाटतं लोकांना. आणि आपल्यालाही वाटतं. आज माझ्याकडे दोन राजे होते. मला कुणाकडून काही नको होतं. उलट भिडायला या म्हणत होतो. असं सांगायला जमेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आज जमलं.”

“पण हरलात.”

“पान हरलं. त्याला काय करणार?”

इमारतीच्या लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एक बाई होत्या, हातात भाजीची पिशवी. दार बंद झालं. बाबांचा हात बाजूला लोंबत होता, खिशात नव्हता, आणि तो हलत होता. बाईंची नजर त्याच्यावर गेली आणि पटकन दाराकडे वळली. सवयीनं मी मधे सरकायला लागले. बाबांनी डाव्या हातानं मला हळूच बाजूला केलं.

“कंपवात आहे,” ते त्या बाईंना म्हणाले. “आणि पत्त्यांत आज तिसरा आलोय मी.”